हातभर लांबून

आईचे केस मऊ आहेत, हे मला आज सकाळी कळलं. हसण्यासारखीच गोष्ट आहे. आई केसांच्या धंद्यात, मी केसांच्या धंद्यात, आणि पन्नाशीला टेकलेल्या लेकीला आईचे केस हाताला कसे लागतात हे हॉस्पिटलच्या खाटेवर कळावं! पण झालं खरं तसं. फणी लावायच्या आधी गुंता बघावा म्हणून मी बोटं घातली, तर बोटं सरळ आत गेली. कुठे अडकली नाहीत, काही करकरलं नाही. धुऊन धुऊन विरलेल्या दुपट्यासारखे ते केस माझ्या बोटांवरून सुटले आणि उशीवर पडले, आणि मी चटकन हात मागे घेतला. चुकून दुसऱ्याच कुणा बाईच्या डोक्याला हात लावला की काय, असं वाटलं. "काय झालं?" आईनं विचारलं. नाकात ऑक्सिजनची नळी आहे ना, त्यामुळे हल्ली तिचा आवाज सर्दी झाल्यासारखा येतो. "काही नाही," मी म्हटलं. "मग थांबलीस कशाला? आवर लवकर. तो भोवरेवाला येईल इतक्यात."

भोवरेवाला म्हणजे छातीचे डॉक्टर. माणूस उंचापुरा, हुशार, बोलायला गोड, पण टाळूवर दोन भोवरे आणि मागे एक तुरा कायमचा उभा. आईला इथे आणलं त्या दिवशी तिचे ओठ निळे पडले होते, दोन शब्द सलग बोलता येत नव्हते, माझा जीव टांगणीला लागला होता, आणि त्या अवस्थेत तिनं मला जवळ बोलावून कानात विचारलं काय, तर "यांचे केस कोण कापतं?" त्या क्षणी मला कळलं की बाई एवढ्यात कुठे जात नाही. आणि गेलीही नाही. हळूहळू सुधारली. आज तिला सोडणार आहेत. कुठे सोडणार, हा मात्र प्रश्नच आहे, आणि त्याचं उत्तर आज डॉक्टरांना द्यायचं आहे.

घर आमचं म्हणजे पुढच्या खोलीत पार्लर आणि मागे आम्ही दोघी. मी लग्न केलं नाही. केलं नाही म्हणजे राहून गेलं. डॉक्टरांनी परवा स्वच्छ सांगितलं, की त्या पुढच्या खोलीत हेअर स्प्रे उडत असेल, तर मागच्या खोलीत या बाईंना ठेवता येणार नाही. मधे दार असलं तरी नाही. मी लगेच म्हटलं, "स्प्रे बंद. आजपासून बंद. पार्लरच बंद करते हवं तर." मला वाटलं, आई गहिवरेल. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी घरी जाणार नाही. मला माझ्या बहिणीकडे पोचवा." मावशीकडे! जिच्याशी हिचं साध्या चहावरून वाजतं, दूध आधी की साखर आधी यावरून ज्या दोघी आठवडाभर अबोला धरतात, तिच्याकडे ही राहायला जाणार! त्या घरात एक तर मावशी राहील नाही तर ही. मी समजावलं, चिडले, शेवटी हात टेकले. तिचं आपलं एकच, बहिणीकडे. मला वाटलं, पार्लरसाठी चाललंय हे. आपण उभं केलेलं दुकान आपल्यामुळे बंद पडू नये म्हणून स्वतःला घराबाहेर काढते आहे. आणि मग रात्री एकटीनं जेवताना मला इतकं भरून आलं, की मी ताट तसंच झाकून ठेवलं.

"पाणी कमी घे," आई म्हणाली. मी वाटीतल्या पाण्यात फणी बुडवत होते. आज तिच्या केसांना पाणी आणि पिना, एवढंच मिळणार होतं. वॉर्डात दुसरं काही चालत नाही. "आधी बोटानं लाट पाड. तिथेच पिन. नाही, अशी नाही, उलटी. शिकवलंय काय मी तुला?" शिकवलं होतंस की, सगळं शिकवलं होतंस. पण हे शिकवून लगेच म्हणाली होतीस, हे झालं जुनं, आता डबा आलाय, आता कोण बसतंय पिना वाळायची वाट बघत! डबा आला आणि आमचं नशीब पालटलं. स्प्रेचा उंच, सोनेरी टोपणाचा डबा. त्याच्या आधी आईकडे गल्लीतल्या चार बायका यायच्या. डबा आल्यावर लांबून बायका यायला लागल्या, कारण आईनं बसवलेला केस वाऱ्यानं हलत नाही अशी तिची ख्याती झाली. आणि तिचं स्वतःचं डोकं म्हणजे दुकानाची पाटीच होती. पहाटे उठून ती आधी स्वतःचे केस बसवायची, उंच, गोल, गुळगुळीत, आणि वरून मग डबा. मी लहान होते. आईच्या कुशीत शिरताना डोकं जपून शिरायचं हे मला कुणी वेगळं सांगायला लागलं नाही. बाकीच्या मुली आईच्या केसांशी खेळायच्या, वेण्या सोडायच्या, तोंडात घालायच्या. मी आईच्या कानाशी खेळायचे. कान तेवढे मोकळे होते. रात्री ती डोक्याला जाळीचा रुमाल बांधून झोपायची आणि उशी मानेखाली, डोक्याखाली नाही. एकदा तापात मी तिच्या केसांना धरलं होतं, तेव्हा हाताला जे लागलं ते केस नव्हतेच, वाळलेली खरखरीत साल होती. मग मी तेच आईचे केस म्हणून धरून चालले.

डबा कसा मारायचा याचं मात्र एक शास्त्र होतं, आणि ते तिनं मला नीट शिकवलं. हातभर लांबून मारायचा, जवळून मारला तर केस ओले होतात आणि चपटे पडतात. मनगट गोल फिरवायचं. डावा हात गिऱ्हाइकाच्या कपाळावर आडवा धरायचा, चेहऱ्यावर काही येऊ नये म्हणून. आणि म्हणायचं, "डोळे मिटा, श्वास धरा." गिऱ्हाईक डोळे मिटायचं, श्वास धरायचं, आणि मग धुरळा खाली बसला की आम्ही म्हणायचो, "हं, सोडा." एका गिऱ्हाइकाला एकदाच श्वास धरायला लागायचा. आम्ही दोघी दिवसभर त्यात उभ्या. आम्हाला कोण सांगणार, श्वास धरा म्हणून? हिवाळ्यात थंडी म्हणून खिडकी लावलेली, उन्हाळ्यात केस उडतात म्हणून खिडकी लावलेली. आरशावर एक चिकट थर साचायचा, तो मी रोज संध्याकाळी पुसायचे. आरसा पुसायचा असतो एवढं कळत होतं. त्याच्या पलीकडे मी कधी विचार केला नाही, तिनंही केला नाही. दोघी हसत-खिदळत, गिऱ्हाइकांच्या कुचाळक्या ऐकत जगत होतो की.

इथे पहिल्याच सकाळी मी पिशवीतून डबा काढला होता. आईला जरा माणसात आणावं म्हणून. टोपण काढलं न काढलं तोच वॉर्डच्या मोठ्या सिस्टर धावत आल्या आणि त्यांनी माझ्या हातातून डबा असा काढून घेतला, की जणू मी बंदूक रोखली होती. "बाई, ऑक्सिजन चालू आहे! एक ठिणगी पुरते. आणि ठिणगी नाही पडली तरी या खोलीत सहा जणींच्या छात्या आहेत, कोणाकोणाचा जीव घेणार आहात?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या डब्याला इतकं टाकून कुणी बोललं नव्हतं. आईनं त्या सिस्टरचं नाव तिथल्या तिथे हवालदार ठेवलं. पण हवालदार सगळ्यांनाच लागू. वॉर्ड साफ करणारी बाई टेबलं पुसायला आली, तर तिच्याकडेही फवाऱ्याची बाटली होती, आणि मी मनात म्हटलं, आता बघते. तर ती बाई दाराबाहेर उभी राहून फडक्यावर पाणी घ्यायची, फडकं आत आणायची आणि टेबल पुसायची. आत फवारायचं नाही. मी हवालदारीणबाईंना विचारलंच, एवढं कशाला? त्या म्हणाल्या, "फडक्यावर आहे तोवर ते आपलं ऐकतं. हवेत गेलं, की कुणाच्या नाकात जायचं ते त्याचं ते ठरवतं." राग होता तरी मला ते पटलं.

आणि पंपाची गंमत तर सांगायलाच हवी. आईला घरी दम्याचा पंप दिला होता, कितीतरी महिने. पंप घेऊनही उतार पडेना, म्हणून तर आम्ही इथे आलो. एक दिवस सिस्टर म्हणाल्या, "आजी, तुम्ही पंप कसा घेता ते दाखवा बरं." आई उठून बसली. गंभीर चेहरा केला. पंप उजव्या हातात, हातभर लांब. डावा हात कपाळावर आडवा. डोळे मिटले. श्वास धरला. आणि मनगट झोकदार फिरवत तिनं तो पंप स्वतःच्या डोक्याच्या दिशेनं उडवला. मग थोडं थांबून म्हणाली, "हं." सिस्टर तोंड उघडं टाकून बघत होत्या. सांगायला लाज वाटते, पण मला त्यात काही वावगं दिसलंच नाही. पंप असाच मारतात, दुसरा कसा मारणार? तितके महिने ते औषध तिच्या पुढच्या केसांवर जात होतं, आणि श्वास धरलेला असल्यामुळे चुकूनही आत जात नव्हतं. सिस्टर आधी हसल्या, खूप हसल्या, भिंतीला हात लावून हसल्या, आणि मग त्यांनी डोळे पुसले ते काही नुसतं हसण्यामुळे नाही. त्यांनी आईच्या हातात एक प्लॅस्टिकचं नळकांडं दिलं, पंप त्याला जोडला, दुसरं टोक तोंडात धरायला सांगितलं. "तोंडात?" आई म्हणाली. "उभ्या जन्मात मी कोणाच्या तोंडावर मारला नाही." मग सिस्टरनी तिच्या पाठीवर हात ठेवून, हळूहळू आत ओढा, अजून ओढा, असं करत शिकवलं. आई लहान मुलीसारखं शिकली. झाल्यावर मला म्हणाली, "बघ हं, माझा डबा काढून घेतला आणि स्वतःचा माझ्या तोंडात दिला." पण दुसऱ्या दिवसापासून तिच्या ओठांचा रंग बदलला.

"कानामागची बट सोडू नकोस," आई म्हणाली. "कालची ती लग्नाची मुलगी कशी दिसली?" मी म्हटलं, "छान दिसली." विषय निघायला नको होता. काल त्या मुलीचं डोकं करायचं होतं, आगाऊ ठरलेलं, नाही म्हणता येत नव्हतं. उंच अंबाडा, रात्रभर टिकायला हवा. अर्धा डबा संपला. तिथून मी तशीच इकडे पळत आले. डबा नव्हता आणला, तेवढं भान होतं. डबा नाही म्हणजे झालं, असं माझ्या मनात. आईजवळ बसले, तिचा हात हातात घेतला, आणि बघता बघता तिची छाती घट्ट झाली. शिट्टी वाजायला लागली आत. बोटाला चिमटा असतो त्याचं यंत्र ओरडायला लागलं. पलीकडच्या खाटेवरच्या बाई खोकायला लागल्या. सिस्टर आल्या, हवेत एकदा वास घेतला, आणि मला दंडाला धरून बाहेर काढलं. पडदा ओढला. आत वाफेच्या यंत्राची घरघर सुरू झाली. मी बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी, आणि मला खोकला सुरू झाला. मला होतो सकाळ-संध्याकाळ थोडा, आमच्या धंद्यात कुणाला होत नाही? पण काल थांबेना. वाकले, बसले, डोळ्यांतून पाणी आलं. सिस्टर थोड्या वेळानं बाहेर आल्या. ओरडल्या नाहीत. माझा ॲप्रन नाकाशी धरून म्हणाल्या, "डबा घरी ठेवलात, पण अंगावर घालून आलात की. उद्या अंघोळ करून, केस धुऊन, धुतलेले कपडे घालून या." आणि मग जरा थांबून, "तुमचाही खोकला बराच आहे हो." मी म्हटलं, "धूळ आहे इथे." एवढ्या लख्ख व्हरांड्यात मी धूळ म्हटलं.

आज मी न्हाऊन, धुतलेलं नेसून आले आहे. अंगाला काही म्हणजे काही वास नाही. मला स्वतःलाच मी ओळखू येत नव्हते बसमध्ये. आईला जवळ घेतलं तेव्हा ती म्हणाली, "तू लहानपणी अशीच लागायचीस." एवढंच. मग तिनं डोकं माझ्याकडे केलं आणि म्हणाली, कर. त्यानंतर बोटं आत गेली ती तशी. आता लाटा पडल्या होत्या, पिना लागल्या होत्या, पाणी वाळत आलं होतं. मी एकेक पिन काढायला लागले. दोन लाटा राहिल्या, तिसरी लगेच घसरली आणि तिच्या कपाळावर आली. मी ती मागे सारली, ती पुन्हा आली. मी डब्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि त्याची आठवणही काढली. "आई, नाही गं टिकत." "मग न टिकू दे," आई म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. तिनं आरसा मागितला, इकडून तिकडून बघितलं, आणि ती घसरलेली बट तशीच राहू दिली.

डॉक्टर आले. मागचा तुरा आज जास्तच उभा होता. आईनं त्याच्याकडे बघून उसासा टाकला, पण बोलली नाही. त्यांनी तिची छाती ऐकली, पाठ ऐकली, आवडलं त्यांना. "छान. मग काय ठरलं आजी? घरी की बहिणीकडे?" मी घाईघाईनं सांगायला लागले, की घरी, मी सगळे डबे बाहेर काढलेत, खिडक्या उघडल्यात, आता पाणी आणि पिना, जिला चालेल ती येईल. आईनं हात वर केला. तो गिऱ्हाईक गप्प करण्याचा हात मला चांगला ठाऊक आहे. "थांब. हे कोणासाठी करते आहेस?" "म्हणजे काय, तुझ्यासाठी!" "तेच म्हणते मी," आई डॉक्टरांना म्हणाली. एकेका वाक्यानंतर तिला थांबायला लागत होतं. "मी घरी गेले, की ही माझ्यासाठी डबे टाकणार. मी आहे तोवर. मी काय, आज आहे आणि उद्या नाही. परवा ही पुन्हा आणणार. म्हणून मी बहिणीकडे चालले होते. मी नसताना ही काय करते ते बघायला. आणि काल काय केलंन ते बघितलंत तुम्ही." मी म्हटलं, "आई, काय बोलतेस तू?" तिनं माझ्याकडे लक्षच दिलं नाही. "डॉक्टर, काल मी पडद्याआड होते. तोंडावर तुमचा तो मुखवटा, वाफ चालू. बाहेर कोणी तरी खोकत होतं. मला वाटलं, मीच खोकते आहे. मग लक्षात आलं, माझं तोंड तर मिटलेलं आहे." ती दमली. पाण्यासाठी हात केला. मी पाणी दिलं. "तो माझा खोकला आहे," ती म्हणाली. "आधी कोरडा, मग शेवटी ती शिट्टी. हिच्या वयाची असताना माझा अगदी असाच होता. तेव्हा मीही म्हणायचे, धूळ आहे. आता आधी हिला तपासा. मग माझं काय ते बघू."

"मला काही झालेलं नाही," मी म्हटलं. डॉक्टरांनी खाटेकडे बोट केलं. बसायला जागा नव्हती, म्हणून आईनं पाय जवळ ओढून घेतले आणि चादर सारखी केली. मी बसले. पाठीला स्टेथोस्कोप गार लागला. श्वास घ्या, सोडा. घ्या, सोडा. इतका साधा प्रकार, पण आत भरून घेतला की शेवटाला कुठे तरी काही तरी अडत होतं आणि मग मला खोकला आला, तो मी दाबायला गेले तर आणखी आला. डॉक्टरांनी बराच वेळ ऐकलं. एका जागी परत गेले आणि पुन्हा ऐकलं. मी आईकडे बघत होते आणि आई डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे, गिऱ्हाईक बोलायच्या आत त्याच्या मनातलं ओळखायची तशी. मला भीती वाटत होती. खरं सांगते, आईला आणलं त्या दिवशी वाटली नव्हती तेवढी, कारण तेव्हा काय करायचं ते मला माहीत होतं.

"किती दिवसांपासून आहे हे?" डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, "असंच, अधूनमधून. काही विशेष नाही." "हिला विचारू नका," आई म्हणाली. "हिला माहीत नाही. मला विचारा. दोन हिवाळे झाले. पहाटे जास्त. उताणी झोपली की वाढतो, कुशीवर वळली की थांबतो. मागच्या महिन्यापासून जिन्यावर मधेच उभी राहते आणि किल्ल्या शोधतेय असं दाखवते." मी किल्ल्या शोधतेय असं दाखवते, हे मला स्वतःलाही धड माहीत नव्हतं. अंधारात पडून, स्वतःला धाप लागलेली असताना, ही बाई माझं ऐकत होती. मला रडू फुटलं. डॉक्टरांनी आधी आईला, मग मला सांगितलं, की फुंकायची एक तपासणी करू, मग नक्की बोलता येईल. पण सुरुवात दिसते आहे. आत्ता थांबवलं तर पुष्कळ सुधारेल. थांबवलं नाही तर नाही. "थांबवते," मी म्हटलं. "कोणासाठी?" आईनं विचारलं. मी तिच्या पायांवर हात ठेवून बसले होते. "माझ्यासाठी," मी म्हटलं. तो एवढासा शब्द तोंडातून निघायला फार वेळ लागला.

आईनं चादर बाजूला केली आणि खाली पाय सोडून चपला चाचपायला लागली. "कुठे निघालात आजी?" डॉक्टर म्हणाले. "बहिणीकडे?"

"छे हो," आई म्हणाली. "आता घरीच जायला हवं. हिच्याकडे बघायला दुसरं कोण आहे?"